हृदयाचं कार्ड

अगं, तू आधी नुसतं ऐक. पाणीबिणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घे, कारण एकदा सुरू झाले की मी थांबणार नाहीये!

तर... जेवणाचं टेबल. टेबलाभोवती अख्खं घर. आणि सासऱ्यांनी हातातला संच असा आपटला, असा आपटला, की त्यातली कार्डं पत्त्यांसारखी खोलीभर उधळली! घर्षणाचं एक कपाटाखाली, भिंगांचं एक खिडकीपाशी, पेशीचं एक छोट्या नातीच्या मांडीवर, आणि एक भिरभिरत जाऊन पडलं ते थेट सुनेच्या पायाशी. नेमकं हृदयाचंच!

"चाळीस वर्षं!" सासरे थरथरत होते. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी, पण माझ्या नावावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. आणि आज कॉलेजातून फोन येतो... तुमच्या संचातलं हृदय उलटं आहे म्हणून! उलटं!"

सून खाली वाकली. तिनं ते कार्ड उचललं.

आता थांब, हे संचाचं काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर तू मध्येच विचारशील. हे सासरे म्हणजे गावभर 'लंबकसर'. बोलताना उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सारखा इकडून तिकडे, म्हणून! भौतिकशास्त्र शिकवायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेली पोरं, ज्यांना बल आणि दाब यातला फरक विचारला की घाम फुटतो, ती पोरं या माणसाच्या वर्गातून हसत बाहेर पडायची. मग निवृत्त झाले, आणि बाई गं, बटण बंद केलेल्या पंख्यासारखे झाले! खुर्चीत बसून राहायचे. पेपर सकाळी जसा घडी केलेला यायचा तसाच संध्याकाळी रद्दीत. सासूबाई शेजारणीला म्हणायच्या, "घरात माणूस आहे की फर्निचर, तेच कळत नाही."

त्यांना त्या खुर्चीतून उठवलं कुणी? तर या सुनेनं. तीही शिकवायची, जीवशास्त्र, पहिल्याच वर्षाला. पहिल्याच तासाला तिच्या हातातल्या बरणीतून बेडूक उडी मारून थेट हजेरीपटावर बसला होता, तेव्हापासून तिचं नाव 'बेडूकबाई' पडलं ते कायमचंच! पण मुलगी झाली, मुलगी सारखी आजारी, आणि बाईंनी नोकरी सोडली. कुणी सोडायला सांगितली नव्हती गं, पण कुणी नको सोडूस असंही म्हटलं नव्हतं... त्यातलं दुःख कळतंय ना तुला?

तर एक दिवस तीच म्हणाली, "बाबा, तुमचं ते सगळं शिकवणं कार्डांवर उतरवू या. पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला चित्र आणि उत्तर. पोरं खिशात घालून फिरतील." सासरे आधी नको नको म्हणाले, मग नुसतं एक करून बघतो म्हणाले, आणि मग काय! जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात पेन्सिल! झोपाळ्याचं कार्ड, उतारावरून घसरणाऱ्या खोक्याचं कार्ड, लिफ्टमध्ये उभ्या राहिलेल्या जाड्या माणसाचं कार्ड. पोरांनी ते संच डोक्यावर घेतले.

आणि त्या घरात एक पद्धत पडली होती. तिला ते म्हणायचे 'अडाणी वाचन'. म्हणजे कार्ड बनवणाऱ्यानं ते अशा माणसासमोर ठेवायचं ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यानं मोठ्यानं वाचायचं, आणि जिथं अडखळेल तिथं फक्त फुली मारायची. बदल नाही करायचा हं! बदल करायचा तो कार्ड बनवणाऱ्यानंच. सरांच्या भौतिकाची अडाणी वाचक सून, आणि यंदा जेव्हा पहिल्यांदाच सुनेची जीवशास्त्राची कार्डं त्याच संचात घ्यायचं ठरलं, तेव्हा तिचे अडाणी वाचक कोण? खुद्द लंबकसर! असे रंगायचे दोघं, की सासूबाई म्हणायच्या, "अगं, तुझ्या नवऱ्यापेक्षा माझाच नवरा तुझ्याशी जास्त बोलतो!" आणि सासरे पाहुण्यांना सांगायचे, छाती फुगवून, "जीवशास्त्र आमच्या सूनबाईंचं. आम्ही नुसते फुल्यामारे!"

तो अभिमान... तो तिला कुठल्याही पगारापेक्षा मोठा वाटायचा. आणि त्यातून कॉलेजच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या, "तुझी कार्डं या सत्रात चालली ना, की पहिल्या वर्षाचे तास पुन्हा तुझेच." कळलं? त्या कार्डांवर तिचा वर्ग परत मिळणं अवलंबून होतं. पुन्हा फळा, पुन्हा बाकं, पुन्हा 'बेडूकबाई आल्या रे!'

आणि आता हे. निम्म्या वर्गानं चाचणीत हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांची अदलाबदल करून ठेवली होती. विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर... "संचातल्या कार्डावर असंच आहे."

बेडूकबाईनं हातातलं कार्ड उजेडाकडं धरून पाहिलं. चित्र तिचंच होतं, रेषा न् रेषा तिची. पण नावं फिरली होती. तिनं जिथं 'उजवा कप्पा' लिहिलं होतं तिथं 'डावा', आणि जिथं 'डावा' तिथं 'उजवा'. हे तिनं केलेलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, "बाबा, हे मी..."

"तू काय? तू काय सांगणार मला?" सासऱ्यांचा हात लंबकासारखा सुटला होता. "अगं, मी तर तुझी ही चूक आधीच पकडली होती! छोकरी दवाखान्यात होती, तू तिच्या उशाशी, आणि छापखान्यातून शेवटचं पान आलं. मी बघितलं तर काय, चित्रात डावीकडं आहे त्याला तू उजवं म्हणून ठेवलंयस आणि उजवीकडं आहे त्याला डावं! मी मनात म्हटलं, पोर आजारी, आईचं चित्त ठिकाणावर कुठून असणार... छापखानेवाल्याला तिथल्या तिथं फोन करून सांगितलं, ही नावं बदल म्हणून. आणि तुला चकार शब्दानं बोललो नाही, तुला ओशाळवाणं वाटू नये म्हणून! आणि त्या गाढवानं बदललंच नाही वाटतं! तुझी चूक तशीच छापली!"

अगं, तुझ्या लक्षात येतंय का? त्या खोलीत फक्त एकाच माणसाच्या लक्षात आलं. कारण हृदयाचं चित्र म्हणजे आपल्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं हृदय. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. जीवशास्त्राच्या पोराला हे पहिल्या आठवड्यात पाठ होतं. पण सरांचं सगळं आयुष्य गेलं खोकी आणि उतार काढण्यात, तिथं कागदाची डावी ती डावीच! सरांनी छापलेलं कार्ड उघडूनही पाहिलं नव्हतं, छापखानेवाल्यानं तर त्यांचं अगदी इमानानं ऐकलं होतं. आणि म्हणूनच बरोबर होतं ते चूक झालं होतं.

म्हणजे चूक सासऱ्यांची. आणि ती केली कशानं? मायेनं!

एक वाक्य... फक्त एक वाक्य तिला बोलायचं होतं. "बाबा, बदल तुम्ही केलात तोच चुकला." बस्स! तिनं वर पाहिलं. तापलेला चेहरा, थरथरणारी हनुवटी, आणि त्या हनुवटीच्या मागं ती खुर्ची... निवृत्तीनंतरची ती बंद पंख्याची खुर्ची तिला दिसली. ज्या माणसाचा श्वास म्हणजे त्याचं नाव, त्याला सगळ्यांदेखत सांगायचं, की तुमच्याच हातानं तुमच्या नावाला डाग लागला? मग तो पुन्हा पेन्सिल धरेल?

"चुकलं, बाबा," ती म्हणाली. "जबाबदारी माझी."

"मग आजपासून जीवशास्त्र बंद. संचावर माझं नाव आहे."

आणि ते उठून आत गेले. छोकरी कार्डं गोळा करत म्हणाली, "आजोबा, हे लिफ्टचं कार्ड पण फेकलं तुम्ही..." पण आजोबा ऐकायला होते कुठं!

नवरा मात्र बेरकी. तो दुकानात रेडिओ, मिक्सर दुरुस्त करतो, बिघाड कुठं आहे हे त्याला आवाजावरून कळतं. भांडी विसळताना हळूच म्हणाला, "ए, तू डावं-उजवं चुकशील? भांडताना सुद्धा तू म्हणतेस, 'पलंगाच्या माझ्या डावीकडच्या बाजूला झोप!' खरं काय ते सांग."

"खरं काय, ते मी बघते."

"बाबांना मी सांगू?"

"तू एक शब्द बोललास ना, तर तुझी आणि माझी जन्माची कट्टी!" हसत म्हणाली, पण डोळे काठोकाठ भरले होते. त्यानं तिच्या हातातला ताट पुसायचा कपडा घेतला आणि ताटं पुसायला लागला. मधल्या मध्ये मार खाणारा माणूस, पण सोन्यासारखा!

कॉलेजच्या बाईंचा निरोप आला, तासांचं पुढं बघू. 'पुढं बघू' म्हणजे काय ते नोकरी मागणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं! पण बेडूकबाई रडत बसली असं वाटतं का तुला? छे! ती ताठ मानेनं गेली बाईंकडं. म्हणाली, "मला नोकरी नको, पगार नको. एक तास द्या. परीक्षेच्या आधी पोरांच्या डोक्यातलं ते उलटं हृदय मला सरळ करू द्या. ते माझं काम आहे, ते मी दुसऱ्यावर टाकणार नाही." बाईंनी तास दिला.

त्या दिवशी सकाळी सासूबाई सासऱ्यांच्या खुर्चीसमोर उभ्या. कंबरेवर हात.

"उठा. कपडे करा."

"मी कशाला येऊ? तिचं ती निस्तरेल."

"निस्तरेलच! ती काय तुमच्यासारखी आहे, चिडून आत जाऊन बसायला? पण चारशे डोळे तिच्याकडं बघणार आणि त्यात घरातला एकही नसणार, असं मी होऊ देणार नाही. जीवशास्त्र काढून टाकलंत ना संचातून? मग निदान एक बाक तरी भरा!"

गेले. गेले, पण शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. त्या हाताची घडी घातलेली वर्गात कुणी पाहिली नव्हती!

आणि मग ती आली. अगं, काय सांगू! तेच बाक, तोच खडूचा वास, मागून कुणीतरी हलकेच 'डराव' केलं आणि सगळा वर्ग फिस्स करून हसला. तीही हसली. मग तिनं एका पोरीला पुढं बोलावलं, स्वतःसमोर तोंड करून उभं केलं.

"तुझा डावा हात वर कर."

पोरीनं केला.

"आता मी माझा डावा वर करते. एकाच बाजूला आहेत का?"

"नाही बाई, उलटे."

"उलटे नाहीत. दोन्ही बरोबर आहेत. आपण समोरासमोर उभ्या आहोत, एवढंच."

मग तिनं हृदयाचं एक मोठं कार्ड घेतलं, ताजं, स्वतः काढलेलं, आणि ते फळ्यावर लावलं नाही... स्वतःच्या छातीवर धरलं! घट्ट! "हे माझं हृदय. तुमच्याकडं बघतंय. आता सांगा, माझी डावी बाजू कुठली? माझी! तुमची नाही! सगळ्या अंगाला रक्त ढकलणारा, जाड भिंतीचा कप्पा कुठल्या बाजूला?"

एकाच क्षणी सगळ्या वर्गाचे हात एकाच दिशेला गेले. बरोबर! सगळेच्या सगळे बरोबर! अगं, तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ना... हरवलेलं मूल गर्दीत सापडावं तसं!

तेवढ्यात पुढचा एक आगाऊ पोरगा म्हणाला, "बाई, तुम्हाला इतकं नीट येतं, मग छापताना उलटं कसं झालं?"

तिनं कार्ड खाली घेतलं. "पाहण्यात घाई झाली," ती म्हणाली. "चूक माझी."

"खोटं!"

सगळा वर्ग मागं वळला. शेवटच्या बाकावर लंबकसर उभे होते. घडी सुटली होती, पण हात हलत नव्हता, लोंबत होता नुसता. ते बाकांच्या मधल्या वाटेनं पुढं आले... सावकाश, जसं काही प्रत्येक पावलाला स्वतःशीच काही ताडून बघत होते. तिच्या हातातलं कार्ड घेतलं. स्वतःच्या छातीवर धरलं. खाली मान घालून बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. मग पुन्हा कार्डाकडं.

"पोरांनो," ते म्हणाले, आणि तो गावभर गाजलेला आवाज चिरकला, "चाळीस वर्षं मी पोरांना कुठलंही गणित द्यायच्या आधी काय विचारायचो, माहितीय? बघणारा कुठं उभा आहे, ते आधी सांगा. आणि हे चित्र बघताना मी ते स्वतःलाच विचारलं नाही. बाईंनी बरोबर लिहिलं होतं. मी खोडलं. अडाणी वाचकानं फुली मारायची असते, त्यानं खोडलं! आणि वर हिलाच बोललो... घरात, सगळ्यांसमोर..."

आणि मग त्याच आगाऊ पोरानं टाळ्या सुरू केल्या, आणि बाई गं, त्या टाळ्या थांबेचनात!

तुला वाटेल, संपलं. गळ्यात गळे पडले. नाही! बाहेर पायऱ्यांवर आले आणि सासरे तिच्यावर पुन्हा भडकले!

"तुला त्या टेबलावरच कळलं होतं. हो की नाही?"

"...हो."

"मग गप्प का बसलीस? मला काय काचेचा समजलीस? बोट लावलं की फुटेन? माझी चूक मला पेलणार नाही, असं तू ठरवलंस? तू कोण ठरवणारी!"

आणि आता ती फुटली. इतक्या दिवसांचं सगळं! "आणि तुम्ही काय केलंत, बाबा? माझी चूक दिसली असं वाटलं, तर एक फोन करून मला विचारलंत? मला ओशाळवाणं वाटेल म्हणून परस्पर खोडलंत! मी पण काचेची होते का? माझं कार्ड होतं ते! माझं!" तिच्या गालावरून धारा लागल्या होत्या. "वर्ग माझा गेला, जीवशास्त्र तुम्ही बंद केलंत, तरी मी बोलले नाही... कारण तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसला असतात ना, तर मला वर्ग मिळूनही काही उपयोग नव्हता!"

सासरे त्या पायरीवरच बसले. ती पण बसली, एक पायरी खाली.

"म्हणजे तू माझ्यासाठी गप्प, मी तुझ्यासाठी गप्प," ते हळूच म्हणाले, "आणि मधल्या मध्ये निम्म्या गावाचं हृदय उलटं!"

ती रडता रडता हसली. ते पण हसले, डोळे पुसत, नाक ओढत. पाठीमागून सासूबाई म्हणाल्या, "झालं का तुमचं? मी तिथं एकटीच जिन्यात उभी आहे केव्हाची!"

मग विभागप्रमुख बाई आल्या. तास पुन्हा तिचेच, पुढच्या सोमवारपासून. आणि सरांनी काय केलं असेल सांग? ते उलटं कार्ड रद्द करू दिलं नाही! म्हणाले, नवीन संचात बरोबर कार्ड राहीलच, पण त्याच्या मागं हेही ठेवायचं. वर लिहायचं, 'यातली चूक शोधा.' आणि खाली, 'ही चूक करणारे'... आणि स्वतःचं नाव. पूर्ण. पदवीसकट!

"बाबा, नाव कशाला?" घरी नवरा म्हणाला.

"का नको? बरोबर कार्डांवर आहे, तर चुकीच्या कार्डावर का नको? आणि जीवशास्त्राच्या बाजूला हिचं नाव, माझ्याएवढ्याच मोठ्या अक्षरात. आता मला कुणी विचारलं ना, तर मी सांगणार, की जिनं मला बरोबर उभं राहायला शिकवलं ती माझी सून!"

सासूबाई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मला एकदाही 'चुकलो' म्हणाला नाही हा माणूस, आता छापून वाटतोय!"

तो संच आता पोरांच्या खिशाखिशात आहे. आणि पोरं सगळ्यात आधी तेच कार्ड काढतात म्हणे.

पण मला ना, अजून झोपताना वाटतं... सासूबाईंनी त्यांना उठवलंच नसतं तर? ते त्या बाकावर नसतेच तर? ती 'चूक माझी' म्हणून घरी आली असती, आणि जन्मभर तेच राहिलं असतं! मायेनं गप्प बसणं मोठं, की मायेनंच तोंडावर खरं सांगणं? सांग ना. ते कार्ड तुझ्या पायाशी येऊन पडलं असतं, समोर ते थरथरणारे सासरे... आणि तुला सगळं कळलेलं. तू काय केलं असतंस गं?